अर्पिताची मुलाखत आणि माझा मिरचीचा नवस

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती शेवटी बाहेर पडणारच आहे आणि तशीही आता साऱ्या गल्लीला माहीत आहे. मला मूळव्याध आहे. झालं. 

पण ही हकीकत घडली तेव्हा सदर बाब अत्यंत गोपनीय होती. बायकोलासुद्धा पत्ता नव्हता. मी, सोमेश्वर मुरकुटे, भोकरदनच्या एका शाळेत हेडक्लार्क आहे. हेडक्लार्क माणसाला बीपी असावं, गेला बाजार शुगर तरी असावी. ही दुखणी चारचौघांत सांगता येतात, उलट सांगितल्यानं वजन वाढतं. माझ्या वाट्याला आलं ते दुखणं पदाला शोभणारं नव्हतं. ऑफिसच्या खुर्चीवर मी शालीची चौपदरी घडी ठेवून बसायचो. शिक्षकांना वाटायचं, साहेबाला मान लागतो. लागू दे म्हटलं, गैरसमज आपल्या फायद्याचा असेल तर तो दूर करायला जाऊ नये.

खरी अडचण मिरचीची झाली. आमच्या तालुक्यातून हिरवी मिरची ट्रकच्या ट्रक भरून परमुलखात जाते. इथं ठेच्याशिवाय जेवलेल्या माणसाला लोक तब्येतीचं विचारतात. तर एक दिवस माझ्या ताटातला ठेचा तसाच राहिला, आणि आमच्या नंदाबाईंनी विचारलं, "अहो, ठेचा काहून न्हाई घेतला?"

माणसाच्या तोंडून वेळेला काय निघेल याचा नेम नसतो. मी म्हणालो, "सोडली मिरची. जांब समर्थला समर्थांच्या दर्शनाला गेल्तो ना मागं, तवा नवस बोललो. पोरगी डॉक्टर होईस्तोवर मिरचीला शिवणार न्हाई."

नंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि दुधाची वाटी पुढं केली. संध्याकाळपर्यंत हे गल्लीभर झालं. समोरचे पुंजाराम नाना, म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, मुद्दाम रस्ता ओलांडून आले आणि माझा खांदा दाबून म्हणाले, "बाप असावा तं असा!" मला थोडी लाज वाटली, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

आता अर्पिताचं सांगतो. अर्पिता आमची एकुलती एक लेक. 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा पास झाली, पण इथल्या कॉलेजात जागा मिळेल एवढे मार्क काही पडले नाहीत. मग तिनं स्वतःच शोधून जॉर्जिया देशातल्या एका युनिव्हर्सिटीत अर्ज केला. आम्ही नकाशात तो देश शोधून काढेपर्यंत तिकडून उत्तरही आलं. कागदपत्रं पसंत होती. आता गुरुवारी दुपारी लॅपटॉपवर मुलाखत होणार होती, आणि प्रवेश द्यायचा की नाही हे मुलाखतीवरच ठरणार होतं.

"पप्पा," अर्पिता म्हणाली, "हे झालं तर झालं. न्हाई तर मी तिसऱ्यांदा परीक्षा देणार न्हाई. जालन्याला बीएस्सीला नाव घालीन."

ती हे शांतपणे म्हणाली. आमची पोरगी सगळंच शांतपणे म्हणते, ते आईकडूनही आलेलं नाही आणि माझ्याकडूनही नाही. पण भिंतीवर लावलेलं माणसाच्या आतड्यांचं चित्र तिनं काढून गुंडाळी करून ठेवलेलं मला दिसलं होतं. 

युनिव्हर्सिटीच्या अटी मोजक्या होत्या. खोली शांत हवी, इंटरनेट बराबर हवं, आणि उमेदवारानं खोलीत एकटंच बसायचं. दुसरं कुणी आढळलं तर मुलाखत रद्द होऊ शकेल. अर्पिता म्हणाली, "मी पुढच्या खोलीत बसते. तासाभराचं काम हाय. फक्त कुणाला सांगू नका."

मी कुणालाही सांगितलं नाही. फक्त पुंजाराम नानांना सांगितलं.

नानांना सांगणं भाग होतं, कारण आमच्या गल्लीत मुलाखत दिलेला अनुभवी माणूस तेवढा एकच. एसटीत लागताना त्यांची मुलाखत झाली होती. साहेबानं विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर त्यांना येत नव्हतं, तरी त्यांनी ते इतक्या मोठ्यानं दिलं की साहेबालाच स्वतःची शंका आली. तेव्हापासून मुलाखत या विषयावर नानांचा शब्द अखेरचा.

"मुलाखत म्हंजे काय असतंय?" ते आमच्या ओट्यावर बसून म्हणाले. "समोरचा विचारून राह्यला, तं आपण गप बसायचं न्हाई. माहीत नसंल तरी दणकून बोलायचं. हं पोरी, सांग, डॉक्टर काहून व्हायचंय?"

"नाना, मला—"

"जोरात! मागच्या सीटपर्यंत आवाज गेला पाह्यजे!"

अर्पितानं माझ्याकडं पाहिलं. मी पेपर वाचू लागलो. एवढं झाल्यावर नाना पुढची खोली बघायला आत आले आणि लॅपटॉपच्या मागच्या भिंतीपाशी उभे राहून त्यांनी मान हलवली. "नुसती पांढरी भिंत? सोमेश्वर, मागं कायतरी डॉक्टरकीचं दिसलं पाह्यजे. नवरीच्या मागं कसं मखर असतंय!"

हे मला पटलं, हीच माझी चूक. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत माणसाचा एक अख्खा सांगाडा आहे. प्लास्टिकचा, पण बघणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. तो घरी आणायचा असं मी ठरवलं. अर्ज मी लिहिला, त्यावर टिपणी मीच लिहिली, 'शिफारस आहे' असा शेराही मीच मारला. मुख्याध्यापकांनी सही करताना एवढंच विचारलं, "मुरकुटे, घरी सांगाडा कशाला हो?" मी म्हणालो, "शैक्षणिक." ते समाधानी झाले. शाळेत या शब्दाच्या पुढं कुणी चौकशी करत नाही.

आणायचं काम सिराजभाईंनी अंगावर घेतलं. सिराजोद्दीन आमचे शेजारी, कोपऱ्यावर त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांच्या मोटरसायकलवर पुढं ते, मागं मी आणि मधे चादरीत गुंडाळलेला सांगाडा, असे आम्ही निघालो. बाजाराचा दिवस होता. मोटरसायकलवर बसणं हे मला त्या दिवसांत काय वाटत होतं ते मी इथं लिहीत नाही. ऐन भाजीबाजारात वारा आला आणि चादर उडाली. कोथिंबीर विकणाऱ्या एका बाईनं हात जोडले. रस्त्याच्या कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थानं हळूच विचारलं, "कोणाचं हाय, साहेब?"

"शाळेचं," मी म्हणालो.

"अरारा! लेकराचं का मास्तराचं?"

सिराजभाईंनी गाडी जोरात पळवली, म्हणून उत्तर द्यायचं राहून गेलं.

घरी नंदानं दारातच अडवलं. "माझ्या घरात हाडं न्हाई येणार!"

"प्लास्टिकची हायेत गं."

"प्लास्टिकची असली तरी माणसाचीच ना?"

शेवटी तिनं सांगाड्याच्या गळ्यात लिंबू-मिरची बांधली, तेव्हा तो आत आला. म्हणजे मिरची मला नाही आणि ह्याला चालते. स्टँडचं एक चाक गेलेलं होतं, तिथं आम्ही विटेचा तुकडा लावला. अर्पिता कॉलेजच्या मैत्रिणीकडून आली आणि बघत उभी राहिली. "पप्पा, हे नको."

"असू दे. प्रभाव पडतो."

"कोणावर?"

या प्रश्नाचा रोख मला आवडला नाही. मी विषय बदलून लाईटकडं वळलो. आमच्याकडं गुरुवारी लाईट जाते. का जाते ते कुणी सांगत नाही, पण जाते. म्हणून मी लाईट ऑफिसला रीतसर अर्ज केला. विषय : गुरुवारी दुपारी विद्युतपुरवठा खंडित न करणेबाबत. तिथल्या क्लार्कनं तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत दिला. "मुलाखतीचा पुरावा जोडा." मी पुरावा जोडून नेला. तो म्हणाला, "हे इंग्रजीत हाय. मराठी भाषांतर करून आणा, अन् त्यावर साक्षांकित शिक्का." शिक्का माझ्याच कपाटात असतो, तोही मारून नेला. मग तो म्हणाला, "साहेब तं मीटिंगला गेलेत. आवकमध्ये टाकून जा, योग्य ती कार्यवाही करू." गेली कित्येक वर्षं हे वाक्य मी स्वतः लोकांना ऐकवत आलो आहे. ते ऐकताना कसं लागतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी गुपचूप घरी आलो.

गुरुवारी सकाळीच लाईट गेली.

सिराजभाई म्हणाले, "साहेब, बिलकुल फिकर करू नका. तुमच्या इन्व्हर्टरची बॅटरी मेली, तं मी ट्रॅक्टरची आणून जोडतो. तवर मोबाइलच्या नेटवर चालू द्या." आणि ते वायर आणायला गेले. इकडं घरात आम्ही तिघंही दर थोड्या वेळानं लाईट आली का बघायला बटणं दाबत होतो. खाली, वर, खाली, वर. शेवटी कुठलं बटण चालू राहिलं आणि कुठलं बंद, हे कुणालाच सांगता येईना.

आणि मग लोक यायला लागले. नानांना सांगितलेलं गल्लीभर झालेलं होतंच. नाना आणि त्यांच्या मंडळी सोनूबाई दही-साखर घेऊन आल्या. सिराजभाईंच्या घरातून अजीजुन्निसा भाभी गोड शेवयांचं पातेलं घेऊन आल्या. "बच्ची का मुँह मीठा करके बिठाओ," त्या म्हणाल्या. पोरीच्या चांगल्या कामाला शेजारी दारात आलेत, त्यांना 'परत जा' कोणत्या तोंडानं म्हणणार? आमच्याकडं तसं म्हणायची पद्धत नाही. बरं, दारातून जाऊ द्यावं तर चहा पाजल्याशिवाय जाऊ देण्याचीही पद्धत नाही. सबब मी सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं. दोन खोल्यांच्या मधे दार नाही, पडदा आहे. मी बजावलं, "चहा मिळंल. पण आवाज झाला न्हाई पाह्यजे. बशीत फुंकर मारायची न्हाई."

सगळे खाली सतरंजीवर मांडी घालून बसले. मला पाट दिला. मी म्हणालो, "राहू द्या, मी उभाच बरा."

नाना कुजबुजले, "बघा, बापाला बसवंना!" नंदानं पुन्हा पदर डोळ्यांना लावला.

पडद्याच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. स्क्रीनवर पांढऱ्या केसांच्या, चष्मेवाल्या एक मॅडम आल्या. संथ इंग्रजी बोलत होत्या. मी शाळेचा इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळतो, त्यामुळं मला सगळं समजत होतं. त्यांनी पहिलंच विचारलं, "खोलीत तुझ्याबरोबर कोणी आहे का?"

"नाही मॅडम."

"आणि तुझ्या मागं?"

"तो प्लास्टिकचा आहे. माझ्या वडिलांची कल्पना."

मॅडम हसल्या. आतमध्ये मी थोडा दुखावलो. आयडिया नानांची होती.

मग त्यांनी विचारलं, डॉक्टर का व्हायचंय? नाना स्वयंपाकघरात ओठ हलवून "जोरात, जोरात" करत होते. अर्पिता नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "आमच्याकडं माणूस दवाखान्यात गेला की दुखणं सोडून बाकी सगळं सांगतो. पाहुण्यांचं सांगतो, शेताचं सांगतो. डॉक्टर वैतागतात. मला मात्र ते ऐकावंसं वाटतं. ऐकता ऐकता दुखणं सापडतं."

मी हळूच नानांना मराठीत सांगितलं. नाना फुरंगटले. "हे मला बोलली का? मागं मी डॉक्टरला डेपोतल्या भांडणाचं सांगितलं, ते हिला कुणी सांगितलं?"

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मुलाखत आणखी थोडा वेळ तशीच चालती, तर मला हे लिहावं लागलं नसतं. पण त्याच वेळी बाहेर सिराजभाईंनी ट्रॅक्टरची बॅटरी जोडली, आणि पुढच्या खोलीतला पंखा, ज्याचं बटण आम्हीच कधीतरी दाबून ठेवलं होतं, तो एकदम फुल्लवर सुटला. सांगाड्याचे हात हलले. मग मान हलली. अर्पितानं मागं वळून बघेपर्यंत विटेचा तुकडा निसटला, आणि तो बाबा स्टँडसकट पडद्यावर आला. पडदा, पडद्याचा दांडा आणि सांगाडा असे तिघं मिळून माझ्या पायाशी पडले.

पलीकडून जॉर्जियाला आमचं अख्खं स्वयंपाकघर दिसत होतं. सगळ्यांच्या हातात बशा, आणि बशा ओठांपाशी. कुणीही हललं नाही. फोटो काढताना बसतात तसे सगळे कॅमेऱ्याकडं बघत राहिले. तेवढ्यात खिडकीतून सिराजभाई ओरडले, "साहेब, आली का लाईट? फर्स्टक्लास ना?"

मॅडमनी चष्मा काढला. "मिस अर्पिता, तू म्हणालीस, कोणी नाही."

 दोन वर्षं पोरगी पहाटे उठून अभ्यासाला बसली होती, आणि आम्ही चहाच्या बशीत तिचं वाटोळं केलं होतं. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा आमच्यावर ओरडेल. ती यातलं काहीच करेना.

"मॅडम, खोलीत कोणी नव्हतं," ती म्हणाली. "ते स्वयंपाकघरात होते. पण मी ते सांगायला पाहिजे होतं. हे माझे शेजारी आहेत, मला शुभेच्छा द्यायला आलेत. त्यांना जा म्हणणं आम्हाला जमलं नाही. रद्द करायचं असेल तर मी समजू शकते."

मॅडमनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग म्हणाल्या, "आमच्या हॉस्पिटलात पेशंटला इंग्रजी येत नाही. विद्यार्थ्यांना त्यांच्या भाषेत विचारावं लागतं. तुला ऐकायला आवडतं म्हणालीस ना? आलेच आहेत तर यांच्यातल्या एकाला तुझ्या भाषेत दुखणं विचार, आणि मला इंग्रजीत सांग. माणूस मी निवडणार."

मी हे मराठीत सांगताच नानांनी बशी खाली ठेवली, गळ्याचं बटण लावलं आणि घसा खाकरला. मॅडमनी बोट दाखवलं ते भलतीकडंच. "ते गृहस्थ. सगळे बसलेत, ते एकटेच उभे आहेत."

मला लॅपटॉपसमोर लाकडी खुर्चीवर बसवण्यात आलं. शाल नव्हती. मी एका बाजूवर भार देऊन बसलो आणि चेहरा ऑफिससारखा केला.

"पप्पा, काय त्रास होऊन राह्यला?" अर्पितानं विचारलं.

आता या परिस्थितीत कुठलाही शहाणा माणूस जे करेल तेच मी केलं. मी एक भारदस्त दुखणं निवडलं. "छातीत दुखतंय."

"कुठं?"

मी दाखवलं. तिनं माझा हात उजवीकडून उचलून डावीकडं ठेवला. "इथं का?"

"हां, तिथंच."

"जिना चढताना वाढतंय का?"

"आपल्या घराला जिना कुठाय?"

अर्पिता स्क्रीनकडं वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, हे मला एक दुखणं सांगतायत. पण ते यांचं नाही."

स्वयंपाकघरात कुणाला कळलं नाही, पण मला चांगलं कळलं. पोटच्या पोरीनं परदेशी बाईसमोर मला खोटं ठरवलं, तेही बिनचूक इंग्रजीत! मॅडम म्हणाल्या, "मग आता काय करशील?"

"मला थोडा वेळ द्या. ते लोकांसमोर सांगणार नाहीत."

तिनं लॅपटॉपचं तोंड भिंतीकडं फिरवलं. पडलेला पडदा उचलला आणि आईला व अजीजुन्निसा भाभींना दोन बाजूंनी धरायला लावला. लग्नात अंतरपाट धरतात तसा तो त्यांनी धरला. पलीकडं सारी गल्ली, अलीकडं आम्ही बाप-लेक. मग ती पाट ओढून माझ्या पायाशी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, ऑफिसात शाल कशाला लागते?"

"कंबर दुखती."

"कंबर दुखणारा माणूस उभा राहत न्हाई, टेकून बसतो. तुम्ही जेवायलाबी उभे राहून राह्यले."

मी पंख्याकडं बघू लागलो.

"मिरची सोडली ना तुम्ही? मंग दुखणं नवसाच्या आधीचं का नंतरचं?"

पडदा जागच्या जागी हलला. पलीकडं नंदा होती. नवसाच्या दिवशी डोळे पुसणारी, रोज मला दुधाची वाटी देणारी नंदा. 'नंतरचं' म्हणालो असतो तर नवस वाचला असता, माझी इज्जत वाचली असती. पण मग कंबरच खरी धरून अर्पितानं मॅडमला चुकीचं दुखणं सांगितलं असतं. मी खाली बघितलं. तिनं दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले होते. इतका वेळ, सांगाडा पडला तेव्हासुद्धा, तिनं ते असे धरले नव्हते.

"आधीचं," मी म्हणालो.

मग मी सगळं सांगितलं. कुठं, कसं, कधी. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. तिनं मधे एकदाच विचारलं, "रक्त जातंय का?"

"कधीमधी."

"अन् तुम्ही एकट्यानंच सोसलं? दवाखान्यात बी गेला न्हाईत?"

"कसं सांगणार, बाळा? कुणापुढं सांगणार?"

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पप्पा, हे मॅडमला सांगू का? तुम्ही न्हाई म्हणालात तं न्हाई सांगणार. दुसऱ्या कुणाला तरी विचारते."

माझा जीव गलबलला. साऱ्या जन्मात मला एवढ्या अदबीनं कुणी परवानगी मागितली नव्हती, आणि मी तर परवानग्यांच्याच खात्यातला माणूस. "सांग," मी म्हणालो. "बिनधास्त सांग."

तिनं लॅपटॉप वळवला आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. त्यात माझं हसं होईल असा एक शब्द नव्हता. शेवटी म्हणाली, रक्त जातंय म्हणजे अंदाजावर सोडता येणार नाही, उद्याच यांना डॉक्टरकडं नेणार. मॅडमनी मान डोलावली, लिहिलं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "थँक यू, सर." मला 'सर' म्हणाल्या. शाळेत तो शब्द फक्त शिक्षकांना मिळतो.

स्क्रीन बंद झाली. पडदा खाली आला. पडद्यानं दिसणं अडतं, ऐकणं अडत नाही; स्वयंपाकघरात सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. मग पुंजाराम नाना गंभीरपणे म्हणाले, "सुरण."

आणि बांध फुटला. सोनूबाई म्हणाल्या ताक, कुणी म्हणालं इसबगोल, कुणी म्हणालं कोमट पाण्याच्या टपात बसा. सिराजभाई हात पुसत आत आले आणि विचारलं, "क्या हुआ?" तर भाभी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वही, जो तुमको है!" सिराजभाई आले तसे वायर गुंडाळायला बाहेर गेले.

"त्यात लाजायचं काय?" नाना म्हणाले. "एसटीत जन्म गेला, मला न्हाई होणार तं कुणाला होणार?"

"नाना, पण तुम्ही कंडक्टर. तुम्ही तं उभे राहायचे!"

"मंग? काहून उभा राहत व्हतो असं वाटतंय तुला?"

मी पहिल्यांदाच मोकळा हसलो. पण नानांचं कंडक्टरचं डोकं, हिशेब अर्धवट सोडत नाही. "पण सोमेश्वर," ते म्हणाले, "मंग ते नवसाचं काय?"

नंदानं पडद्याची घडी घालत माझ्याकडं पाहिलं. "समर्थांचं नाव घेऊन!" एवढंच म्हणाली. रात्री ती माझ्याशी बोलली नाही, पण झोपायच्या आधी उशाशी गरम दूध ठेवून गेली, आणि खुर्चीवर दुसऱ्या शालीची घडी.

जालन्याच्या डॉक्टरांनी तपासलं. काळजीचं काही निघालं नाही, औषध आणि पथ्य दिलं. सांगाडा शाळेत परत गेला, त्याचं एक बोट तेवढं कमी भरलं. त्याचा खुलासा मी स्वतःकडूनच मागवला आहे, अद्याप दिलेला नाही. गल्लीत मात्र एक नवीनच प्रकार सुरू झाला. संध्याकाळी एकेक जण दारात येतो, इकडंतिकडं बघतो आणि विचारतो, "अर्पिता हाय का घरी?" मग आमचा पडदा ओढला जातो. मी ओट्यावर बसून राहतो आणि कान देत नाही.

निकाल आला त्या दिवशी अर्पितानं मेल वाचला, पुन्हा वाचला आणि लॅपटॉप बंद करून आईच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. प्रवेश मिळाला होता. आमच्या शांत पोरीला असं रडताना मी प्रथमच पाहिलं आणि मलाही आवरलं नाही. आतड्यांचं चित्र तिनं त्याच संध्याकाळी पुन्हा भिंतीवर लावलं. नंदानं पुरणपोळी केली, आणि सगळी गल्ली जेवायला असल्यामुळं खलबत्त्यात ठेचाही वाटला. हिरवागार, वर तेलाची धार. किती दिवसांनी तो वास नाकात गेला म्हणून सांगू! औषध लागू पडलं होतं, आता थोडं चाललं असतं.

मी हात पुढं केला. "आता काय, पोरगी डॉक्टर झालीच म्हणायची. नवस फिटला."

अर्पितानं माझ्या ताटावरून ठेच्याची वाटी उचलली आणि नानांच्या ताटाशी सरकवली.

"प्रवेश मिळालाय, पप्पा. डॉक्टर व्हायला सहा वर्षं हायेत. नवस तुम्हीच बोलला ना?"

सगळी पंगत माझ्याकडं बघत होती. नंदा पदराआड हसत होती. अर्पितानं ताकाचा पेला माझ्या हातात दिला आणि मी तो प्यायलो.